सगळ्यांना अडुसष्ट

पनवेलजवळच्या विचुंब्याच्या हरेश घरतला वाकडं काही दिसलेलं खपत नाही. गेली बावीस वर्षं तो बिल्डिंगच्या आखणीचं काम करतो. मोकळ्या प्लॉटवर खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, टेप धरून तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढायचा आणि दोरीखाली चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची. त्या रेघेवर मग पाया खणला जातो. नवीन पनवेलपासून पार ओवे गावापर्यंत त्याच्या रेघांवर बिल्डिंगा उभ्या आहेत, आणि एकीचाही कोपरा चुकलेला नाही असं तो स्वतःच सांगतो. खरं म्हणजे मिस्त्री लोकही तेच सांगतात. हॉटेलात गेला तर चहा येईपर्यंत टेबलाचा कोपरा बोटांनी चाचपतो आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतो. तेही त्याला पसंत पडतंच असं नाही.

अशा माणसाला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऐन एप्रिलच्या उकाड्यात, कॉलेजात जाऊन प्राथमिक भूमिती शिकावी लागली.

याला कारण प्रभाकर शेट. शेट विचुंब्याचाच, लांबच्या नात्यातला. दोघांच्या बापांची शेतं बांधाला बांध लागून होती. शेतं गेली, शेट बिल्डर झाला आणि हरेश त्याच्या साइटवर आखणीला लागला. मार्चमध्ये शेटने त्याला ऑफिसात बोलावलं आणि पंख्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. शेट पंख्याकडे बघून बोलायला लागला की समजावं, काहीतरी कडू येतंय.

"हरेश, तुझ्यासारका काम कुनी नाय करीत. पन बँकेचा इंजिनियर येतो नि इचारतो, साइटवर शिकलेला कोन हाय? मी काय सांगू, बारावी कॉमर्स?"

"काम बघायला सांग त्याला."

"तो कागद बघतो."

नवीन पनवेलच्या एका खासगी कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा डिप्लोमा होता. दहावीनंतर गणित सोडलेल्यांना त्याआधी सहा आठवड्यांचा उन्हाळी भूमितीचा वर्ग पास करावा लागे. पंधरा जूनच्या आत हरेशचं नाव डिप्लोमाला लागलं तर नव्या टॉवरचा सुपरवायझर तो. नाही लागलं तर शेट कोणी डिप्लोमावाला आणणार आणि हरेश त्याच्या हाताखाली दोरी धरणार. शेटने हे सगळं फार प्रेमाने सांगितलं, त्यामुळे ते आणखीच वाईट लागलं.

मनिषाने, म्हणजे हरेशच्या बायकोने, नवी कंपासपेटी आणली आणि देवापुढे ठेवली. हरेशने ती उचलून आधी त्यातला गुण्या तपासला. कोपऱ्याला प्लॅस्टिकचा फुगवटा होता. तो त्याने ब्लेडने तासून काढला आणि मगच कॉलेजला गेला.

वर्ग सकाळी सातला असायचा. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की खोलीत कुजकट, आंबूस वास भरायचा, आणि खिडकी लावली की चाळीस जणांच्या घामाचा. बाकांच्या खाली च्युइंगगमचे थर. फळ्याची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली. हरेशला पहिल्याच दिवशी ते दिसलं आणि त्यानंतर दुसरं काही दिसेना. सहा आठवडे आपण या कलत्या फळ्याकडे बघणार, या विचारानेच त्याला शिसारी आली.

शिकवायला सत्यजीत सर. वय असेल अठ्ठावीस. हातात गाइड, आवाजात कंटाळा. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणाले, "हा काटकोन त्रिकोण."

हरेशने हात वर केला. "सर, हा काटकोन नाय. निदान पंच्याण्णव अंश हाय."

वर्ग हसला. सर म्हणाले, "काका, आकृती कशीही असली तरी चालते. दिलंय ना काटकोन? मग मानायचा."

मानायचा! हरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत त्याने एकही काटकोन मानला नव्हता, प्रत्येक मोजून घेतला होता. मानलेल्या काटकोनावर सात मजले चढवून दाखवा म्हणावं. पण पंधरा जून डोळ्यांसमोर होता, म्हणून तो राग गिळून बसला आणि घरी जाऊन त्याने मनिषाला तासभर ऐकवलं. सर गाइड बघून लिहितात. पुसतात तर अर्धंच पुसतात. मागच्या बाकांवरची पोरं मोबाइल बघतात. आणि प्रणित नावाचा एक आहे, गावातल्याच माणसाचा मुलगा, तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा झोपला. मनिषा मासे साफ करता करता हूं हूं म्हणत राहिली.

त्या घाणीत एकच बरी गोष्ट झाली, ती म्हणजे शेजारच्या बाकावरची कोमल. खारघरची, एकोणीस वर्षांची, गणितात एकदा नापास झालेली. हरेश सिद्धतेच्या जागी पट्टी लावून मोजत बसायचा, ते तिने तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी राहवेना.

"काका, तुम्ही मोजता तो एकच त्रिकोण. सिद्ध करायचं म्हणजे जगातले सगळे."

"जगातले सगळे कोनी बघितलेत?"

"न बघता सांगता आलं पाहिजे. तीच तर गंमत आहे."

हरेशला ही गंमत अजिबात कळली नाही. पण मे महिन्यातल्या एका सकाळी साइटवर, मिस्त्री यायच्या आधी, त्याने एक खुंटी ठोकली, दोरीने अर्धवर्तुळ फिरवलं आणि व्यासाच्या दोन टोकांपासून कडेवरच्या एका बिंदूपर्यंत दोऱ्या ताणल्या. काटकोन आला. दुसरा बिंदू घेतला, तरी काटकोनच. तिसरा, चौथा, सगळीकडे काटकोन. टेप न लावता! मग तो फक्कीच्या गोणीवर बसला आणि मधल्या खुंटीपासून त्या बिंदूपर्यंत आणखी एक दोरी बांधली. ही दोरी आणि व्यासाचे दोन अर्धे, तिन्ही सारखे, म्हणजे दोन समद्विभुज त्रिकोण झाले. या त्रिकोणात दोन कोन सारखे, त्या त्रिकोणात दोन सारखे. चारी मिळून एकशेऐंशी. मग कडेवरचा कोन त्याच्या निम्मा, म्हणजे नव्वद. बिंदू कुठेही घ्या. न बघता सांगता येत होतं. हरेशच्या अंगावर काटा आला. आपण बावीस वर्षं कोपरे मोजत आलो आणि ते तसे का येतात हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही, याचा त्याला इतका आनंद आणि इतका संताप एकदम झाला की त्या दिवशी त्याने मिस्त्रीला विनाकारण शिव्या घातल्या.

परीक्षेच्या तीन दिवस आधी सत्यजीत सरांनी झेरॉक्स वाटल्या. पुढच्या पानावर दहा प्रश्न, मागच्या पानावर दहा उत्तरं, आकृत्यांसकट.

"महत्त्वाचे प्रश्न," सर म्हणाले. "यातलं काही चुकवू नका. यातलं म्हणजे यातलंच."

वर्गाला कळलं. हरेशलाही कळलं, आणि त्याने तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेली पाल उचलावी तसा, सरांच्या टेबलावर परत ठेवला. कोमलने आपला घडी घालून पर्समध्ये टाकला आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं. गावात प्रणितच्या आईने त्याच संध्याकाळी नळावर सांगून टाकलं की त्या कॉलेजात पेपर आधीच मिळतो, सगळेच पास होतात, हरेश घरतचं त्यात काय कौतुक. मनिषा ते ऐकून तशीच घागर घेऊन घरी आली.

"खरा हाय का ते?"

"कागद देत होते. मी घेतला नाय," हरेश म्हणाला.

मनिषाने घागर खाली ठेवली. तिचा चेहरा असा फुलला की हरेश लाजला.

परीक्षा अठ्ठावीस मेला झाली. अर्धवर्तुळाचा प्रश्न आला होता, तो हरेशने एका दमात लिहिला. मग सातवा प्रश्न: बाजू पाच, सात आणि तेरा सेंटिमीटर असलेला त्रिकोण काढा आणि त्याचं परिवर्तुळ काढा. हरेशने तेराची रेघ मारली, दोन्ही टोकांवरून कंपास फिरवला. कंस एकमेकांना भेटेनात. पुन्हा फिरवला. मग डोक्यात उजेड पडला. पाच आणि सात बाराच होतात, तेरावर ते भेटणार कुठे? त्याने आजूबाजूला पाहिलं. बाकी सगळी माणसं खाली मान घालून तो न होणारा त्रिकोण झेरॉक्समधल्यासारखा काढत होती आणि त्याभोवती वर्तुळही फिरवत होती. हरेशने लिहिलं, 'हा त्रिकोण होत नाही. का होत नाही ते खाली दिलं आहे.' आणि खाली दिलं. बाकीचे प्रश्न मात्र कसे गेले ते त्याला नीटसं आठवेना. वेळ सरत आला होता आणि तो भराभर लिहीत सुटला होता.

निकाल आठवड्याने वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर आला. हरेश घरत, अडुसष्ट. मनिषाने पेढे आणायला माणूस पाठवला. हरेश खाली खाली सरकत यादी बघत राहिला. कोमल, अडुसष्ट. तिच्या खालचा, अडुसष्ट. त्याच्या खालचा, अडुसष्ट. आणि प्रणित, जो परीक्षेच्या दिवशी गोव्यात समुद्रात उभा राहून फोटो टाकत होता, तोही अडुसष्ट.

हरेशने मोबाइल पालथा टाकला.

"मी जातो नि माझा पेपर बघून येतो," तो मनिषाला म्हणाला. "मना त्यांचं अडुसष्ट नको. माझं किती ते पायजे."

"जावाच," मनिषा म्हणाली. "मंग त्या नळावरच्या बायांना मी सांगतं."

सत्यजीत सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. पेपरांचा गठ्ठा कपाटावर होता, सुतळीची गाठ, लाखेचा ठिपका, सगळं जसंच्या तसं. हरेशने गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"उघडला पन नाय तुमी."

"काका, पास आहात ना?"

"न वाचता? थुंकावंसं वाटतं हो मला. सहा आठवडे बघतोय. फळ्यापासून सगळं वाकडं हाय इथे. माझा पेपर काढा आणि तपासा, माझ्या समोर."

सरांचा चेहरा लाल झाला. "मला सहा आठवड्यांसाठी घेतलंय. निकाल शंभर टक्के लागला तर पुढच्या उन्हाळ्यात बोलावतील. तुम्हाला थुंकायला सोपं आहे." पण त्यांनी स्टूल ओढलं, गठ्ठा खाली काढला, सुतळी तोडली आणि हरेशचा पेपर समोर घेऊन लाल पेन उघडलं.

अर्धवर्तुळाला दहापैकी दहा. सातव्या प्रश्नापाशी सर थांबले. त्यांनी झेरॉक्स काढून पाहिली, बोटांवर बेरीज केली, आणि कान चोळत दहा गुण दिले. हरेश छाती काढून उभा होता. मग सरांनी बाकीची पानं उलटायला सुरुवात केली.

"आकृत्या छापल्यासारख्या आहेत, काका. पण सिद्धता कुठे आहे?"

हरेश वाकून बघायला लागला. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पट्टीने मोजले. दोन्ही कर्ण समान आले.' पुढच्या प्रश्नाला, 'मोजले. बरोबर आहे.' त्याच्या पुढच्याला, 'दोनदा मोजले.' घाईत, भीतीत, हाताने बावीस वर्षांचं काम केलं होतं. आठही प्रश्नांत तो मोजत गेला होता. सर अन्याय करत नव्हते. कुठे एक, कुठे दोन, आकृतीसाठी जे देता येईल ते देत होते. एप्रिलमध्ये हरेशने भांडण केलं असतं. आता त्याला भूमिती येत होती, म्हणून भांडता येत नव्हतं.

"तेहतीस," सर म्हणाले. "पास व्हायला चाळीस लागतात. पुढचा वर्ग पुढच्या उन्हाळ्यात."

हरेशला टॉवरचा प्लॉट दिसला, आणि कोणी परका डिप्लोमावाला हातवारे करून त्याला दोरी कुठे धर ते सांगताना दिसला.

सरांनी पेन वर धरलं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, कंटाळाच होता. "बोला. कुठलं लावू? तुम्ही म्हणाल ते. पण तोंडाने सांगा, नाहीतर उद्या परत याल थुंकायला."

हरेशने फळ्याला, सरांना, पोरांना, प्रणितला, सगळ्या कॉलेजला सहा आठवडे जी शिसारी दाखवली होती, ती सगळी त्याच्या तोंडात गोळा झाली.

"अडुसष्ट," तो म्हणाला.

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पेपर पुन्हा गठ्ठ्यात सरकवला. प्रमाणपत्र तिथेच मिळालं.

मनिषा दारातच उभी होती. मागे नळावरच्या दोन बायका पेढ्याचा कागद हातात धरून उभ्या.

"बघितला का पेपर?"

"बघितला."

"तपासला त्यांनी, तुमच्या समोर?"

"समोर."

"मंग? किती?"

"अडुसष्ट," हरेश म्हणाला.

"मना म्हायतच होता," मनिषा म्हणाली, आणि त्या बायकांकडे वळून तिने मोठ्याने सांगितलं, "आमच्यांनी तो कागद हातात पन नाय घेतला."