रूथमावशीला न पटलेला शेवट

रूथमावशी गेल्याचं तिच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आमच्या दोघांची रविवारची सिनेमाची तिकिटं काढत होतो. झोपेतच गेली म्हणे... फोन ठेवला आणि घरभर नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. महिना होत आला, अजून एका जागी बसवत नाही.

मावशी माझ्या आईची मैत्रीण. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात दोघी शेजारी बसायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली मावशी लग्न होऊन फरीदाबादला आली ती तिथलीच झाली. आई वारल्यावर ती मला सिनेमाला न्यायला लागली. प्रेमकथा तिला चालत नसत. अंतराळयानं, यंत्रमानव, मारामाऱ्या हव्यात. आणि मतं अशी खणखणीत, की इंटरव्हलमध्ये पुढच्या रांगेतले लोक मागे वळायचे. "वर्षभर यानात राहतात, पण एक तरी टॉवेल वाळत घातलेला दिसला का रे?" एकदा नायकाने पुलावरून धडाधड गाड्या खाली लोटल्या. लोक शिट्ट्या मारत होते, आणि हिने माझा दंड घट्ट धरला. "अरे, त्या गाड्यांत माणसं होती ना?"

मला हसता आलं नाही. तिचे यजमान, डेव्हिडकाका, मानेसरच्या कारखान्यात होते. कामावर जाताना कंपनीची बस उलटली, त्यात ते गेले. मग असले सिनेमे बघतेस तरी कशाला, असं मी एकदा विचारलंच. म्हणाली, "सिनेमात बस उलटली तरी कोणी ना कोणी काच फोडून बाहेर येतो, यार. मला तेवढं बघायचं असतं."

आम्ही शेवटचा पाहिला तो सिनेमा कालयंत्राचा होता. एक विधवा नवऱ्याच्या मृत्यूच्या सकाळी परत जाते. त्याला थांबवलं तर पुढचं सगळं जग कोलमडेल, म्हणून त्याला डबा देते आणि जाऊ देते. थिएटरात लोक रडत होते. मावशी मात्र बाहेर येऊन मेट्रोच्या फलाटावर तरातरा चालायला लागली. मी म्हटलं, "किती मोठा त्याग गं!"

"बकवास!" ती गर्रकन वळली. "त्या दिवशी ह्यांना कणकण होती. मीच म्हटलं, जा, उगीच रजा कशाला... मला मिळाली असती ना ती सकाळ, तर दाराला कडी लावून तिथेच बसले असते."

"आणि जगाचं काय, मावशी?"

"जगाने बघावं जगाचं!"

मेट्रो आली. जागा असूनही ती बसली नाही. फरीदाबाद येईपर्यंत दांडा धरून उभी होती. मीही तिच्याशी वाद घालत राहिलो. सिनेमाचा शेवट बरोबर होता असंच मला वाटत होतं.

तिच्या दफनानंतर दोन-तीन दिवसांनी मी तोच सिनेमा एकटाच जाऊन पुन्हा पाहिला. का, ते सांगता येणार नाही. ती सकाळ आली. नवरा बूट घालून उठला, बायकोने डबा पुढे केला, आणि मी भर थिएटरात ओरडलो, "अगं, कडी लाव!"

पुढचे गृहस्थ वळले. "क्या हुआ, भाईसाहब?"

पडद्यावर तो जिना उतरत होता. मी उठलो आणि बाहेर आलो.