घाम दिसत नव्हता

नवं राज्य झालं आणि आमच्या रस्त्याच्या कामाची वेळ समुद्राकाठच्या कुठल्याशा कचेरीतून ठरून आली. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सगळीकडे एकच. तिकडचा मे आणि फुलसावंगीकडचा मे त्या कागदाला सारखेच! भर दुपारी तांड्यातल्या बाया तापलेली गिट्टी फोडायच्या. सावलीला सरकलं की मस्टरवर गैरहजेरी.

मजूर संघटनेचा कार्यकर्ता म्हणून मी पत्रक काढलं. 'तिकडे सदरा भिजतो, इथे रक्त आटतं. काम पहाटे पाच ते अकरा झालंच पाहिजे!' मोर्चा डाक बंगल्यावर, इंजिनियर साहेबाकडे. निघायची वेळ सकाळी अकरा.

तांड्याच्या नायकाने पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं.

"अकराले काहून?"

"साहेब दुपारीच भेटतो. रिकाम्या खुर्चीपुढे ओरडायचं का?"

"पहाटे निंघू. बंगल्यापाशी चिंच हाये, तिच्याखाली बसू. साहेब येईन तवा येईन."

त्याचे आजे बैलांवर धान्य लादून पार कोकणात जायचे, येताना मीठ आणायचे. तिकडचं ऊन आणि इकडचं ऊन त्यांनी पायांनी मोजलेलं. "तिकडं घाम टपकते, माणसाले समजते. इथं निंघाल्याबरोबर हवा पिऊन टाकते. आपून रिकामे होऊन राह्यलो, हे ध्यानातच येत नाही. म्हून ऊन वर आलं का आमचे लोक गोण्या उतरवत."

"नायक, बैलांचा जमाना गेला आता," मी म्हणालो. तांड्याने मोर्चाला यायचा शब्द दिला होता, म्हणून सगळे अकरालाच निघाले.

दोन कोसांची वाट. अर्ध्यावर घागरी संपल्या. माझ्यामागे नायकाची बायको घोषणा देत होती, ती थांबली.

"मले थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली आणि रस्त्यावरच बसली. कपाळ कोरडं ठक्क, अंग तव्यासारखं. तिची लेक "याडी, याडी" करत तिला हलवू लागली, पण आई ओ देईना.

दोघांनी तिला उचलून बाभळीखाली नेलं. शेजारच्या वावरात विहीर होती. नायकाने झेंड्याचं कापड काठीवरून ओढून काढलं, भिजवून तिच्या अंगावर टाकलं आणि माझ्यावर खेकसला, "पाहत काय राह्यला? आन तुह्या कागदाचा गठ्ठा. वारा घाल!"

मी पत्रकांनी वारा घालत बसलो. लेक कापड पुन्हापुन्हा भिजवून आणत होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. किती वेळ गेला, माहीत नाही. शेवटी त्या बाईने डोळे उघडले, दोन घोट पाणी गिळलं.

"भाऊ," ती पुटपुटली, "पुढचा मोर्चा पहाटे काढजो."

तिला त्या वावरातल्या बैलबंडीत घालून बंगल्यावर पोचलो तेव्हा साहेब निघण्याच्या बेतात होता. "मे महिना सगळीकडेच गरम असतो," तो म्हणाला.

याचं उत्तर पत्रकात छापलेलं होतं. मला ते वाचवेना. "साहेब," मी म्हणालो, "आजची वेळ मी ठरवली. तुमच्यासारखीच, घड्याळ बघून. ही बाई मरता मरता वाचली."

साहेब बंडीजवळ गेला. बाईच्या कपाळाला हात लावून त्याने लगेच मागे घेतला. "उद्यापासून पाचला या," एवढंच बोलला. तोंडी.

लेखी हुकूम वर्ष झालं तरी आलेला नाही. साहेबाची बदली झाली, आणि या मेमध्ये पुन्हा आठ ते पाच! उद्या परत जातो आहोत. पहाटे चारला निघायचं आणि चिंचेखाली बसायचं. वेळ नायकाने दिली आहे.