डॉल्फिनसमोर घोंगडं

घोंगडं उन्हात टाकलं, की लोकरीच्या वासानं मला दुबईतला मरीन पार्क आठवतो. आम्ही तिकडे नोकरीला असताना आई आटपाडीहून आली होती. पार्कला जायच्या सकाळी मी बॅगेत टोप्या, गॉगल, सनस्क्रीन भरलं. तिनं वर वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीचं काळं घोंगडं ठेवलं. "लोक हसतील गं," म्हणत मी चिडून ते बाहेर काढलं. "हसू देत. पाण्याजवळ जायचं हाय न्हवं?" तिनं ते खांद्यावरच टाकलं. डॉल्फिनचा खेळ बघायला आम्ही हौसेनं पहिल्या रांगेत बसलो, आणि एका उडीसरशी पाण्याची लाट अंगावर आली. लोक किंचाळले. आईनं मात्र, पावसात मेंढरांमागं चालताना करायची तशी, झटक्यात डोक्यावर घोंगड्याची खोळ केली नि नातीला पोटाशी ओढलं. मी नखशिखांत भिजले. माझी लेक मात्र घोंगड्यातून कोरडी ठणठणीत बाहेर आली. शेजारची परदेशी बाई घोंगड्याला हात लावून, हे कुठं मिळतं म्हणून विचारू लागली. "आमच्या घरच्या मेंढरांचं हाय," आई मराठीतच म्हणाली, आणि मी मान ताठ करून त्याचं इंग्रजी केलं. परवा इथून, साताऱ्याहून, लेक कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर समुद्रावर निघाली. बॅग भरताना तिनं सगळ्यांत आधी विचारलं, "आजीचं घोंगडं कुठंय?"