काळी होईपर्यंत करवंदं

यशोधराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या घरमालकाशी भांडत होत्या. साल बासष्ट, इंदूरच्या पलासियाच्या मागची गल्ली. घरमालक अप्पासाहेब होळकरी अंमलदारांच्या घराण्यातले. त्यांच्या हातातल्या उलट्या टोपीत हिरवी करवंदं होती.

"आणखी एकाला हात लावून तर बघा!" बाई म्हणाल्या.

"अहो, करौंदा कच्चाच कामाचा असतो. मिरचीबरोबर अचारात. पिकवून काय करणार?"

"खाणार!"

अप्पासाहेब इतके हसले की दोन करवंदं टोपीतून सांडली.

बाई भोरकडच्या. मिलमधल्या कारकुनाशी लग्न करून इंदूरला आल्या, तेव्हा डब्यात रोप घेऊन आल्या होत्या. चैत्रात त्यावर पांढरी फुलं आली की गल्ली वासाचं कौतुक करी. फळ धरलं की तीच गल्ली आपलेपणानं तोडून नेई. एकही करवंद कधी काळं झालं नव्हतं.

"दाराशी नुसते काटे," अप्पासाहेबांनी त्या दिवशी बजावलं. "पुढच्या वर्षी तुमचा तो काळा करौंदा दिसला नाही, तर झुडूप उपटून टाकीन."

पुढच्या वर्षी बाईंनी कैऱ्यांचा मेथांबा केला आणि घरोघरी वाटी पाठवली. सोबत निरोप, 'आंबट खायची हौस यावर भागवा. करवंदं मला पिकवायची आहेत.' शिवाय दुपारभर त्या शिवण घेऊन ओट्यावर बसत. अप्पासाहेबांकडे वाटी नव्हे, बरणी गेली होती. त्यांची सून टोपली घेऊन झुडपाकडे निघाली, तेव्हा तेच ओरडले, "खबरदार! मेथांबा खाल्लाय आपण त्यांचा."

ज्येष्ठात करवंदं काळीभोर झाली. बाईंनी सगळ्यांना बोलावलं, पहिलं अप्पासाहेबांच्या हातावर ठेवलं.

"अर्धं तोडा आणि आत बघा. लाल असेल तर कोंबडा, पांढरं असेल तर कोंबडी."

मिशीला चीक लागला होता, तरी अप्पासाहेबांनी उरलेलं अर्धं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "कोंबडा!"

"माझी कोंबडी!" त्यांची सून म्हणाली. मग गल्लीत दुसरा विषयच राहिला नाही. माझ्या वाट्याला तीन कोंबड्या आल्या.

"राहू द्या झुडूप," जाताना अप्पासाहेब म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती विटांचं आळं बांधायला गवंडी पाठवला.

यशोधराबाई आता नव्वदीला आल्या आहेत. त्याच घरात राहतात, आणि उन्हाळ्यात दुपारी झोपत नाहीत.