टेकडी आणि खाचर

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेला बर्फात होती. मी हवालदार, कल्याणजवळच्या मोहन्याचा. माझ्या सेक्शनमध्ये नाईक काशिनाथ भोईर होता, मलंगगडाच्या पायथ्याचा आगरी. सुट्टीला आम्ही दोघं कल्याणला उतरायचो आणि तिथून वेगळे व्हायचो. घरापासून इतक्या लांब इतका जवळचा माणूस भेटला की रँकबिंक विसरायला होतं. एरवी तो मला दादा म्हणायचा, साहेबांसमोर हवालदार.

पोस्टवरचं काम सांगण्यासारखं काही नाही. सकाळी बंकरचं तोंड मोकळं करायचं. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं. रायफल साफ, रेडिओ चेक, दिवसाआड शेजारच्या पोस्टपर्यंत पेट्रोल, म्हणजे गस्त. लोकांना वाटतं फौजी रोज गोळ्या झाडतो. अहो, फौजी रोज फावडं मारतो!

वर्षातला एक दिवस मात्र सणाचा. दुसऱ्या महायुद्धात आमच्या पलटणीने परदेशातली एक टेकडी जिंकली होती, त्या दिवशी बडाखाना असतो. वर पोस्टवर बडाखाना म्हणजे डब्यातला हलवा आणि रम. सुभेदार साहेब टेकडीची गोष्ट सांगतात आणि शेवटी ओरडून विचारतात, "टेकडी किसने ली?" सगळे ओरडतात, "हमने!" त्यातला एकही जण तेव्हा जन्मलेला नसतो, पण छाती फुगतेच. माझीही फुगायची, खोटं कशाला बोलू? काशाचा आवाज सगळ्यांत मोठा. बर्फ कोसळेल म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो.

त्या वर्षी ओरडून झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"दादा, एक पेच आहे."

"बोल."

"मागच्या सुट्टीत बाबांना ही टेकडीची गोष्ट सांगितली. आपण कसे चढलो, आपण कशी घेतली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याच लढाईत आपलं खाचर गेलं, ते कोणी घेतलं?"

खाचर म्हणजे भाताचं शेत. त्या युद्धात सरकारने त्यांच्या गावची जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली होती. लढाई संपली की परत देऊ, असं सांगितलेलं. लढाई संपली, इंग्रज गेले, आपलं सरकार आलं. तारेचं कुंपण तिथेच राहिलं. काशाचे बाबा, बाळाराम भोईर, तेव्हा तरणेबांड होते. नंतरचं सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या शेतात भात लावला.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? तू ये ना एकदा घरी. हवालदार आहेस, तुझं ऐकतील."

"येतो," म्हटलं. "मटण करायला सांग."

पुढच्या आठवड्यात पेट्रोल निघालं. सगळे एका दोराला, रोपला, बांधलेले; काशा सर्वांत पुढे, रेडिओ त्याच्याकडे. वळणाच्या पलीकडे गेल्यावर तो दिसेनासा झाला, मागची पोरं अजून पोस्टच्या हाकेवर होती. मी पोस्टवर सेटपाशी होतो.

"भोईर बोलतोय. बर्फ हलतोय. मागच्यांनी रोप सोडा, मागे जा. ओव्हर."

"तू मागे फीर. ओव्हर."

"त्यांना आधी मागे घ्या. ओव्हर."

मी ओरडून हुकूम दिला. मागची पोरं रोप सोडून मागे सरली, सगळी वाचली. सेटवर पुन्हा आवाज आला नाही. काशा दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाखाली सापडला. रेडिओ छातीशी धरलेला होता.

शवपेटीबरोबर मला पाठवलं. येतो म्हणालो होतो, असा आलो.

अंगणात पेटी ठेवली. सारा गाव जमलेला. काशाची आई पेटीला बिलगून बसली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. जवळच्या लष्करी ठाण्यावरून सलामीसाठी फायरिंग पार्टी घेऊन एक तरुण कॅप्टन साहेब आले होते. पेटी उघडून दर्शन झालं, तिरडी बांधली, वर तिरंगा घातला. उचलायची वेळ झाली तेव्हा बाळारामबाबा पुढे आले आणि तिरडीवर हात ठेवून उभे राहिले.

"हवालदार कोन?"

"मी, बाबा."

"काशानं पत्रात लिवला व्हता, तू येशील न् सांगशील. सांग आता. माजा खाचर कुनी घेतला?"

कोणीतरी म्हणालं, अहो बाबा, ही वेळ आहे का? ते हलले नाहीत.

"याच वेळंला सगली वर्दी माज्या अंगनात आलीय. परत कंदी येल? सांगितल्याबिगर पोराला उचलू देनार नाय."

कॅप्टन साहेब माझ्या कानाशी आले. "हवालदार, यह हमारे हाथ की बात नहीं." खरंच होतं ते. मीही तेच धरून बसलो.

"बाबा, ते इंग्रजांच्या वेळचं. माझा तर जन्मही नव्हता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्याचंच तर अजून वाटतं.

"टेकडीच्या वेळंला व्हता?"

डब्यातला हलवा आठवला. तो खाताना कधी विचारलं नाही की ही टेकडी माझी कशी. जी पलटण तिकडे चढली, तिच्याच लढाईसाठी इकडे खाचर गेलं. आपण फक्त टेकडी ठेवून घेतली होती आणि खाचर इंग्रजांच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो. आणि पोरगा कोणाचा गेला? ज्याचं खाचर गेलं त्याचाच!

मी टोपी काढली. वर्दीत असताना असं करत नाहीत.

"बाबा, टेकडी आम्ही घेतली. खाचरही आम्हीच घेतलं."

बाबांचा हात तिरडीवर तसाच.

"परत देशील?"

"माझ्या हातात नाही, बाबा."

"ता मना ठाव हाय. पन येवरा बी आजपावत कुनी बोलला नवता." त्यांनी हात काढला. "उचला."

मी पुढचा खांदा घेतला. मसणाच्या वाटेवर अर्ध्यात विसावा असतो, तिथे तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात. गावाचा विसावा पिंपळाखाली होता. बाबा तिथे थांबले नाहीत. ते पुढे चालत तारेच्या कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "हितं."

तिरडी खाली ठेवली. तारेपलीकडे नुसतं गवत होतं, गुडघाभर, वाळलेलं. आतला चौकीदार धावत आला, तिरंगा पाहिला आणि काठी खाली टाकून उभा राहिला. बाबा पोराच्या उशाशी बसले.

"बघ काशा," ते म्हणाले, "यो आपला."

मग मात्र ते रडले आणि मीही रडलो.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. शोक शस्त्र, तीन फैरी, बिगुल. तिरंग्याची घडी कॅप्टन साहेबांनी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली.

त्र्याण्णवला मी पेन्शनवर आलो, डोंबिवलीत खोली घेतली. पंच्याण्णवला बाबा गेले, तेव्हा त्यांचाही विसावा तारेपाशीच झाला. तार तीच होती, फक्त काही खांब नवे बसवले होते.

टेकडीच्या दिवशी बडाखान्याला माजी सैनिकांनाही बोलावतात. मी जात नाही. त्या दिवशी मी मलंगगडाकडची एसटी पकडतो आणि तारेपाशी जाऊन सावधान उभा राहतो. नाईक काशिनाथ बाळाराम भोईर, असं मोठ्याने म्हणतो. गुरं चारणारे बघत राहतात, बघू देत.

मग गवताकडे बघून विचारतो, "किसने ली?"

उत्तर मीच देतो, "हमने." दर वेळी काशाचा आवाज माझ्या आधी येतो.