डबी जप्त, बाही फाटकी

शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये माणसं उणे पंचवीस अंशांत मासळीच्या पेट्या उचलतात. त्या थंडीतून त्यांना धडधाकट बाहेर कोण काढतं? कंपनी? हट्! श्रीवर्धनची कुलसुमखाला काढते.

खालाचे वडील गलबतांची शिडं शिवायचे. त्यांचं दाभण, बोटात घालायचं पितळी अंगुस्तान आणि मेणाचा गोळा एका डबीत घालून ती लग्नानंतर इथे आली. नवरा वारला, तशी गेटजवळच्या बाकड्यावर बसून आमची जाड जॅकेटं शिवू लागली. मशीनवाला शिंपी अस्तर आणि वरचं कापड एकत्रच टाचतो. मग प्रत्येक भोकातून थंडी आत. खाला आधी अस्तर अस्तराला जोडते, मग वरचं कापड वेगळं शिवते, मेण लावलेल्या दोऱ्याने. एक शिवण दुसरीच्या डोक्यावर येऊच देत नाही.

गेल्या महिन्यात राजन नावाचा नवा सुपरवायझर आला. पहिल्याच दिवशी डबी जप्त!

"मावशी, शार्प ऑब्जेक्ट अलाउड नाही. सेफ्टी."

"फाटक्या बाहीने माणूस आत ढकलतोस, ती सेफ्टी?"

"नवीन जॅकेटं ऑर्डर केलीत. येतील, इन्शाल्ला."

एसीत बसून दुसऱ्याच्या बोटांवर इन्शाल्ला म्हणायला याचं काय जातं?

आमच्यातल्या यूनुसच्या फाटक्या बाहीला राजनने टेप चिकटवली. आत ती कडक होऊन निघाली. यूनुस बाहेर आला तेव्हा बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, स्वतःच्या जॅकेटची चेन उघडता येईना. खालाने त्याचे हात आपल्या तळव्यांत धरले आणि राजनकडे वळली.

"याचं बोट गेलं तर कुठल्या शिंप्याकडे नेऊ रे?"

आरडाओरडा कोणी केला नाही. संप म्हटला की व्हिसा खलास, हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही फक्त फाटकी जॅकेटं काढून राजनसमोर टाकली आणि उभे राहिलो. मागे मासळीचा ट्रेलर हॉर्न बडवतोय, ड्रायव्हर घाई करत ओरडतोय, "यल्ला, यल्ला!" माणसाच्या बोटांनी जे झालं नाही ते मासळीने केलं. राजन डबी घेऊन आला.

खालाने हात मागे घेतला. "सुया कोणी हातात देतं का? भांडण लागतं. खाली ठेव."

"अजून लागायचं राहिलंय का, खाला?" आमच्यातला दौलत म्हणाला, तसे सगळे हसले.

राजनने वाकून डबी बाकड्यावर ठेवली. खालाने अंगुस्तान चढवलं, यूनुसची बाही पहिली मांडीवर ओढली.

"आजच्यापुरतं हं, मावशी."

"का? उद्या आत ऊन पडणार आहे?" खाला मान वर न करता म्हणाली आणि दाभण जाड कापडात घुसवलं.