तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात कुणी काही देऊ केलं की लगेच हो म्हणायचं नसतं. लगेच हो म्हणतो तो हावरट. पहिल्यांदा "छे छे, नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच कशाला त्रास" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून "बरं, अगदी थोडं" म्हणत घ्यायचं. कॉफी असो, केक असो की लग्नाची मागणी, रीत एकच. आर्डिसकाकूंनी ही रीत जन्मभर पाळली, आणि तिच्याच पायी त्यांच्यावर ऐन थंडीत कुडकुडायची पाळी आली. आता बोला!

काकू म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आर्डिस टॉलेफ्सरुड. आज गावात टक्कल पडलेले जेवढे म्हणून पुरुष आहेत, त्यांतल्या निम्म्यांना लहानपणी काकूंनी न मागता दुसऱ्यांदा बटाटे वाढलेत. नवरा व्हर्लिन जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कर्टिस शहरात स्थिरावला. घरात त्या आणि तळघरातली भट्टी, दोघीच. भट्टी व्हर्लिनने स्वतः बसवलेली, कधीकाळी घरभर ऊब खेळवणारी. हल्ली मात्र तिची ऊब कमी आणि कण्हणंच जास्त झालं होतं.

बर्फ पडायच्या आधी लीरॉय क्वाम्मे तपासायला आला. भट्ट्यांची कामं गावात तोच करतो. बॅटरी मारून त्याने आत डोकावून पाहिलं आणि गुडघे झटकत उठला.

"काकू, पंख्याची मोटर गेलीय. ती बदलतो, कसाबसा एक हिवाळा निघेल. पण आतलं लोखंड गंजत चाललंय. त्यापेक्षा नवी बसवू. वीस वर्षं हूं की चूं करणार नाही."

"वीस वर्षं! अरे मेल्या, मी शंभरीला टेकेन तेव्हा. माझ्या मयताला आलेल्यांना ऊब मिळावी म्हणून घेऊ का?"

हसत म्हणाल्या खऱ्या, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. कालच कर्टिसचा फोन येऊन गेला होता. "आई, डागडुजी कर आणि हिवाळा काढ. बर्फ वितळलं की घर विकू. इथे माझ्याजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छान फ्लॅट आहेत." म्हणजे गोष्ट सरळ होती. दुरुस्ती केली तर घर जाणार, नवी बसवली तर काकू घरातच राहणार. पैसे होते. नव्हती ती हिंमत. ऐंशीला आलेल्या बाईने स्वतःसाठी वीस वर्षं टिकणारी वस्तू मागायची कशी? लोक म्हणतील, म्हातारीचा सोस बघा!

"नवीच घ्या, काकू," लीरॉय म्हणाला.

"छे छे, नको."

"मनापासून सांगतोय. नवीच घ्या."

"उगाच कशाला त्रास?"

आता तिसऱ्यांदा विचारणार म्हणून काकूंनी पदर सावरावा तसा एप्रन सावरला. "बरं" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लीरॉयच्या खिशातला मेला फोन वाजला. नदीपलीकडे कुणाचा तरी पाइप फुटून तळघरात तळं झालं होतं. "आलोच, आलोच," करत लीरॉय जिना चढला. "काकू, मोटर संध्याकाळी बसवून देतो हं!" आणि गाडी सुरूसुद्धा झाली. काकू तळघरात उभ्या, "बरं" तोंडातच.

मोटर बसली. "ठीक चाललंय ना?" लीरॉयने विचारलं. "तक्रार नाही," काकू म्हणाल्या. आमच्याकडे पायाला फोड आला तरी तक्रार नाही आणि छातीत कळ आली तरी तक्रार नाही. आपणहून फोन करून "मला नवी हवी" म्हणायचं? देवा रे! त्यापेक्षा थंडीने मेलेलं बरं. काकू घरात दोन स्वेटर घालून वावरू लागल्या.

जानेवारीत चर्चच्या बायकांची कॉफी काकूंकडे होती. त्याच दिवशी सकाळी भट्टीने एक मोठा आचका दिला आणि ती गप्प झाली. बाहेर थुंकी गोठावी अशी थंडी. शहाण्या बाईने कॉफी रद्द केली असती. काकूंनी ओव्हन पेटवला, त्याचं दार उघडं टाकलं आणि कप मांडले.

बायका आल्या, कोट न काढता बसल्या. थंडीबद्दल कुणी एक अक्षर बोलेल तर शपथ. एकजण म्हणाली, "घर कसं हवेशीर आहे, नाही?" दुसरीने हातमोजे घालूनच केक उचलला आणि छान झालाय म्हणाली. बोलताना प्रत्येकीच्या तोंडून वाफ निघत होती. शेवटी शेजारची मार्लिस, काकूंची जन्माची मैत्रीण, हळूच म्हणाली, "आर्डिस, बरी आहेस ना गं?"

काकूंनी "तक्रार नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं.

"नाही गं. मला थंडी वाजतेय. कधीपासून वाजतेय. आणि मला हे घर सोडून कुठेही जायचं नाही."

 काकू टेबलावर चढून नाचल्या असत्या तरी बायका इतक्या हादरल्या नसत्या. मग मार्लिसने कप खाली ठेवला. "अगं बाई, मग सांगायचंस ना!" म्हणत ती फोनकडे धावली. बाकीच्या एकदम बोलायला लागल्या. माझ्याकडे झोपायला ये, माझ्याकडे जास्तीचा हीटर आहे, माझ्याकडे ओव्हनमधली गरमागरम हॉटडिश जेवायला तयारच आहे. काकू प्रत्येकीला पहिल्याच खेपेला हो म्हणत गेल्या. नको म्हणायला अंगात त्राणच नव्हतं.

लीरॉय धापा टाकत आला. तळघरातून वर येताना त्याचा चेहरा उतरला होता. "आतल्या गंजलेल्या लोखंडी पेटीला तडा गेलाय, विषारी धूर घरात येईल. आता पेटवायची नाही. काकू, नवी घ्यायची का?"

"हो."

पुढचे दोन प्रश्न ओठांवर घेऊन लीरॉय तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली.

"रोज घरी जाताना तुमच्या धुराड्याकडे बघायचो, काकू. वाफ दिसली की जीव भांड्यात पडायचा."

"मग दार वाजवून विचारायचं नाहीस, गाढवा?"

"दोनदा नको म्हणालात ना. घरी येऊन तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे माल गळ्यात मारल्यासारखं झालं असतं. शाळेत तुम्ही मला कधी बटाटे मागायला लावलं नाहीत, आणि मी तुम्हाला..."

काकूंनी त्याचा हात धरला. एवढा जीव लावणारं माणूस रोज दारावरून जात होतं आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने त्यांना पुन्हा भरून आलं.

नवी भट्टी बसली. तिचा आवाजच येईना, म्हणून काकू सारख्या गरम हवेच्या जाळीवर हात धरून बघायच्या. संध्याकाळी त्यांनी कर्टिसला फोन लावला.

"नवी बसवली रे. घर विकायचं नाही."

"आई, खरंच ठीक आहेस ना? की आपलं म्हणायचं म्हणून?"

"ठीक नाही रे, कर्टिस. मी फार सुखात आहे."

असलं वाक्य त्याने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तोही आमच्याच गावचा. "बरं, बरं," म्हणाला, आणि मग म्हणाला, "आई, रविवारी जेवायला येऊ का?"

"ये," काकू म्हणाल्या. "मला हवायस तू."